टिंबटिंबांच्या वाटेनं

सायकल खांद्यावर टाकून दुसऱ्याच्या पडवीतून आरपार जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे घरमालक होते.

पिंपळीच्या पुढं कालव्याच्या अंगाला एक नवंकोरं घर आहे. पडवीला चकचकीत फरशी, दारात तुळस, झोपाळ्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. आमचे घरमालक फाटकाशी उतरले. खिशातला नकाशा उलगडून बघितला, पुन्हा घडी घातली, सायकल खांद्यावर घेतली आणि सरळ पडवी चढले. मी फाटकाबाहेरच उभी राहिले आणि आपला यांच्याशी काही संबंध नाही असा चेहरा करता येतो का ते बघू लागले.

"कोन म्हनायचं?" म्हातारीनं विचारलं.

"वाट हाय हितनं," घरमालक म्हणाले.

मला वाटलं, आता कुत्रं सुटणार. पण म्हातारीनं लसणाची पाटी जवळ ओढून घेतली. "व्हय की. आमच्या सासऱ्याच्या येळंला हितनं गाड्या जायच्या. जा बाबा. फरशी वली हाय, घसरशील."

मग मलाही जावं लागलं. माझी सायकल त्यांच्या सायकलीच्या निम्म्या वजनाची, पण लाज मणभर. मागच्या अंगणात सून कपडे वाळत घालत होती. तिनं काही न विचारता दोघांना चहा आणून दिला. घरमालकांनी तो उभ्याउभ्या, एक पाय पेडलवर ठेवून, बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि निघाले. मी अजून फुंकर घालत होते. अर्धा कप तसाच ठेवून मला त्यांच्या मागं पळावं लागलं, आणि ते मला पुढं कितीतरी दिवस लागून राहिलं, कारण चहा फार चांगला होता.

मी तेव्हा बारामतीत एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. संकलन केंद्रांवरून आलेलं दूध तपासायचं, आंबट निघालं की परत पाठवायचं, हे माझं काम. माहेर नाशिकचं, वय तिशीचं, स्वभाव चिडका. आबांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. रविवार खायला उठायचा म्हणून मी पुण्याहून एक सायकल आणली. रस्त्याच्या सायकलीपेक्षा जाड टायरची, डोंगरावरच्या सायकलीपेक्षा बारीक, वाकड्या हँडलची. आबा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "म्याडम, ही कसली?"

"ग्रॅव्हल बाइक म्हणतात आबा."

"ग्रॅव्हल म्हंजे?"

"खडी. मुरूम. कच्च्या रस्त्यावर चालते."

"मग मुरूमसायकल म्हना की," आबा म्हणाले आणि लगेच टायर दाबून बघितला. "हवा लई भरलीया. मुरमावर टायर दगडासारखा ठेवला की तो तुमाला फेकून द्येतो. जरा सोडा. मुरूम टायरला धरू द्या."

त्यांची स्वतःची सायकल काळी, जुनी, बावीस इंची. मडगार्ड कापून टाकलेले आणि कुठून तरी मिळवून बसवलेले जाड टायर. हँडलला रेक्झिनची पिशवी, तिच्यात कापडावर चिकटवलेले गावनकाशे. आबा आयुष्यभर सरकारी मोजणीच्या कामात होते. साखळी, फळी आणि नकाशे यांच्यातच केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, आबांनी बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांतल्या जुन्या गावनकाशांच्या नकला मिळवल्या आणि त्यांच्यातल्या वाटांवर सायकल घातली. नकाशात टिंबांची दुहेरी ओळ म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. आबांना सगळी टिंबं पायाखालून घालायची होती.

"कशासाठी पण?" मी पहिल्याच रविवारी विचारलं. आम्ही कालव्याच्या भरावावरून चाललो होतो आणि माझे दात एकमेकांवर आपटत होते.

"वहिवाट," ते पुढून ओरडले. "वाट वापरात असली तर तिला कुनाच्या बापाला बंद करता येत न्हाय. बंद पडती ती चालायचं थांबल्यावर. पयला एकजन बांध कोरतो, मग दुसरा ऊस लावतो, मग तिसरा म्हनतो हितं वाट कवा हुती? वरसातनं एकदा तरी चाक फिरलं पायजे, पोरी."

घरात ते मला म्याडम म्हणायचे आणि सायकलवर पोरी. हा बदल फाटकातून बाहेर पडल्या पडल्या व्हायचा.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याकडं पदर खोचून बघायच्या. आबा जेवायला बसले तरी एक गुडघा उभा ठेवून बसायचे. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मांडवाच्या मागच्या बाजूनं पसार. डॉक्टरांकडं नंबर यायच्या आधी तीन वेळा बाहेर जाऊन यायचे. "लोकांच्या पायाला भिंगरी असती," काकू म्हणायच्या, "हितं भिंगरीलाच पाय फुटल्यात." पण पहाटे भाकरीचा डबा मात्र त्याच बांधून द्यायच्या, दोन चटण्या घालून, आणि मी सोबत जाऊ लागल्यावर दोन भाकऱ्या जास्त.

आबांचे नियम फार. गेलेल्या वाटेनं परत यायचं नाही. वाट कुणाला विचारायची नाही, नकाशाला विचारायची. वाटेवर ऊस असेल तर सरीतून सायकल ढकलत जायचं आणि घंटी वाजवत राहायची, म्हणजे मालकाला कळतं की चोर नाही. उसाच्या पात्यांनी माझे हात कापले जायचे, घाम लागला की झोंबायचे. एकदा इंदापूरच्या अलीकडं एका मालकानं आम्हाला सरीतच गाठलं. हातात कोयता. आबांनी त्याच्यापुढं नकाशा धरला आणि त्याच्या आजोबांचं नाव, गट नंबर, वाटेची रुंदी सगळं सांगितलं. तो इतका गोंधळला की त्यानं आम्हाला चार ऊस तोडून दिले. मी ते सायकलला बांधले. आबा म्हणाले, "लाच घेतली तू," आणि दिवसभर मला तेच ऐकवलं.

सुप्याकडची वाट मला सगळ्यात आवडायची. अभयारण्याच्या आत आम्ही जायचो नाही, हद्दीबाहेरून जुनी गाडीवाट जाते तिच्यावरून. तिकडं उसाचा सासुरवास नाही. मुरमाड माळ, गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनमधून हिवर, बोरी, खैर. हिवाळ्यात सकाळी गवत सोनेरी दिसतं आणि कुसळं मोज्यांतून थेट कातडीत शिरतात. एकदा वळणावर चिंकारा उभा होता, रस्त्याच्या मधोमध. मी ब्रेक दाबला तो पुढचा. मुरमावर सायकल आडवी, मी आडवी, चिंकारा गेला. आबा उतरले, आधी माझी सायकल बघितली, मग मला.

"मुरमावर ब्रेक मागचा," ते म्हणाले, "शानपन पुढचं. हाड मोडलंय का?"

"नाही वाटतं."

"मग चल. अजून दोन वाटा हायत."

माझ्या ढोपरातून रक्त येत होतं. मी त्या दिवशी त्यांना मनात इतक्या शिव्या दिल्या की नाशिकला असते तर आईनं तोंडात मिरची कोंबली असती. पण पुढच्या रविवारी साडेपाचला मीच खाली उभी होते. एका जागी थांबायचं नाही, याची सवय लागते. आठवडाभर नळीत दूध ओतून ते फाटतंय का बघत बसणाऱ्या माणसाला तर फारच लागते.

फक्त एका ठिकाणी आबा वळायचे.

इंदापूरच्या रस्त्याला कालवा सोडून डावीकडं गेलं की एक टेकाड लागतं. त्याला पांढरं टेकाड म्हणतात, कारण वर मुरूम आणि खाली सगळी चुनखड आहे. पूर्वी बायका घरं सारवायला तिथून पांढरी माती न्यायच्या. टेकाडाच्या अलीकडं ऊस, पलीकडच्या उताराला जुनं बन. हिवर आणि बाभळी, काही इतक्या जाड की दोघांनी मिळून कवळ घालावी. बनात म्हसोबा आहे, त्यामुळं तिथं कुणी कुऱ्हाड लावत नाही. मला त्या बनात सायकल घालायची फार हौस होती. पण आबा टेकाडाच्या पायथ्याशी आले की उजवीकडं हँडल फिरवायचे. तीनदा तसं झालं. चौथ्यांदा मी विचारलं.

"नकाशात न्हाय तितं वाट," ते म्हणाले.

"दिसतेय की पण."

"न्हाय म्हनलं ना!"

ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी तोंड फुगवून मागून आले. घरी आल्यावर फोनवर उपग्रहाचं चित्र काढून बघितलं. टेकाडावरून बनात, बनातून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत एक फिकट पांढरी रेघ चक्क दिसत होती. टेकाडाच्या अलीकडं मात्र ती उसात गडप झाली होती. पुढच्या शनिवारी मी आबांना न सांगता एकटीच निघाले.

उसाच्या कडेनं, बांधावरून सायकल उचलत टेकाडावर चढले. वर पोचल्यावर खाली बघितलं तर मुरमातून दोन पांढऱ्या चाकोऱ्या सरळ बनात गेलेल्या. बैलगाड्यांच्या चाकांनी मुरूम घासून खालची चुनखड उघडी पडलेली. मी हवा थोडी सोडली आणि उतारावर सायकल सोडून दिली. गोल गोल चुनखडीचे गोटे टायरखालून उडत होते, मग एकदम सावली आली, मऊ माती, वर सगळ्या फांद्या. इतक्या रविवारांत मला कधी एवढा आनंद झाला नव्हता. मी मोठ्यानं ओरडलेसुद्धा. ओढा ओलांडून वर आले तर एका घरापुढं पन्नाशीच्या एक बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

त्या अक्का. वस्तीवरच्या अंगणवाडीच्या ताई. आठ घरांची वस्ती, सगळी बौद्ध कुटुंबं, गावापासून अंतर राखून. ते अंतर कुणी राखलं ते वेगळं सांगायला नको. अक्कांनी मला नाव, गाव, नोकरी विचारली आणि डेअरीचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"तुमीच व्हय त्या बाई? आमचं दूध नासकं म्हननाऱ्या?"

मीच होते. वस्तीचं दूध जिथं जमा व्हायचं त्या केंद्राचं दूध उन्हाळ्यात रोज फाटायचं आणि मी रोज परत पाठवायचे. अक्कांनी मला घरात न नेता तिथंच, उन्हात, समजावलं. दोन वर्षांमागं टेकाडाखालच्या बागायतदारानं वाटेवर ऊस लावला. तेव्हापासून वस्तीला लांबून, ओढ्याच्या कडेकडेनं तीन किलोमीटर फिरून जावं लागतं. टेम्पो येत नाही, कॅन डोक्यावर. पावसात ओढा चढला की तेही बंद. मागच्या आषाढात पोरगी बाळंत व्हायची होती, तिला बाजेवर घालून नेली. अक्कांनी तालुक्याच्या कचेरीत वाटेसाठी अर्ज केला होता आणि आता जागेवर पाहणी व्हायची होती. बागायतदारानं उत्तरात एक जुना कागद लावला होता.

"आमची वाट वाट न्हाईच म्हन्त्यात," अक्का म्हणाल्या आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीतली एक झेरॉक्स घेऊन आल्या. "चाळीस वरसांमागं मोजनी झाली. मोजनीदारानं लिवलंय, रस्ता आढळून आला न्हाय. चार पंचांच्या सह्या. एकबी आमच्या वस्तीतला न्हाय. ही मोजनीदाराची सही. कुनाची हाय, कळंल का तुमाला?"

मला कळली. आबांनी नकलेवर केलेली ती सही मी त्यांच्या प्रत्येक गावनकाशाच्या कोपऱ्यात बघितली होती. पहिलं अक्षर मोठं, शेवटी लांब शेपूट, कुठं तरी निघून चालल्यासारखी.

अक्कांना मी काही बोलले नाही. भित्री होते म्हणा, किंवा आबांना आधी विचारावं असं वाटलं म्हणा. घरी आल्यावर जिन्यातच त्यांना गाठलं आणि झेरॉक्सचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा न लावता बघितला. त्यांना वाचायची गरज नव्हती.

"पाहणी कवा हाय?" एवढंच विचारलं.

"पुढच्या मंगळवारी. महसूल खात्याचे सर्कल साहेब येणार आहेत टेकाडावर."

आबांनी सायकल काढली आणि गेले. पुढचा आठवडाभर ते पहाटे जायचे ते दिवेलागणीला यायचे. कुठल्या टिंबांवर गेले ते सांगायचे नाहीत. भाकरीचा डबा भरलेला परत. मला त्यांचा राग आला होता. जगाच्या वाटा जाग्या ठेवत हिंडणारा हा माणूस, आणि आठ घरांची एकच वाट यानं पुसलेली. त्या रागात मी काकूंकडं गेले.

काकू शेंगा फोडत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ते टेकाडाखालचं घर माझं माहेर हाय. ऊस लावनारा माझा धाकटा भाऊ."

मी खाली बसले.

"हे मोजनीला आलं तवा मी सतरा वरसांची. आमच्या पडवीत जेवले. मीच वाढलं. मासवड्या केल्या हुत्या आयनं. जेवून तितंच लिवायला बसले. मोजनीदार रुबाबदार, सरकारी नोकरी, पुढच्या वरसी लगीन लागलं. त्या वाटंनं पलीकडं गेले असते तर आमच्या पडवीत कशाला आले असते? तसं बघितलं तर माझा सौंसार त्या कागदावर उभा हाय." त्यांनी टरफलं सुपात पाखडली. "लग्नाच्या धाव्या का बाराव्या वरसी मला सांगितलं. मी म्हनलं, जावा की मग, दुरुस्त करून या. न्हाय गेले. दुसऱ्या दिवशी सायकलवर बसले ते अजून उतरंनात."

"आता जातील?"

"कुनाला ठावं. गेले तर माझी राखी बंद हुईल." त्यांनी पुढची शेंग फोडली. "हुईना का. माझा बी जीव शिनलाय ह्या मानसाची धावपळ बघून."

सोमवारी संध्याकाळी आबांनी चाकांतली हवा बघितली. माझ्याही सायकलीची बघितली. मंगळवारी मी रजा टाकली.

आम्ही पोचलो तेव्हा टेकाडाच्या पायथ्याशी काकूंच्या भावानं, तात्यांनी, खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि पाण्याच्या गार बाटल्या. माणूस गोड बोलणारा, पांढरे कपडे, हसरा. सर्कल साहेब तरुण होते आणि घाईत होते. वस्तीवरचे पंधरा-वीस जण बांधाच्या पलीकडं उभे होते, त्यांच्यासाठी खुर्च्या नव्हत्या. अक्का सगळ्यांत पुढं, हातात ती प्लास्टिकची पिशवी. आबा सायकल हातात धरून चालत आले तसे तात्या उठले.

"दाजी, तुमी हितं? ताई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय," आबा म्हणाले आणि साहेबांकडं वळले. "त्या कागदावरची सही माजी हाय."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. तुला ठाऊक होतं आणि तू बोलली नाहीस, असं तिच्यात स्वच्छ होतं, आणि ते खरंच होतं.

साहेबांनी वही उघडली. "म्हणजे मोजणी तुम्ही केली होती? वाट खरंच नव्हती का?"

"हुती. मला दिसत हुती. ह्या टेकाडावर मी उभा हुतो. दोन चाकोऱ्या बनात गेलेल्या. पलीकडं घरं, दारात मानसं."

"मग आढळून आली नाही असं का लिहिलं?"

उत्तर तात्यांनी दिलं, घाईघाईनं आणि खरं तर मायेनंच. "सायेब, उन्हाचं दिवस हुतं. दाजींना ताप भरला हुता. आमच्या पडवीतच पडून हुते ते. मी ल्हान हुतो, पन मला आठवतंय."

आबांना सुटायला वाट आयती समोर होती. ताप आलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? साहेबांनी तसं लिहायला पेन टेकवलंसुद्धा.

"ताप नव्हता," आबा म्हणाले. "आनि ऊन नव्हतं. पौष म्हैना हुता, थंडी हुती." त्यांनी सायकल माझ्याकडं दिली. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना, मग त्यांनी ते मागं बांधले. "वस्तीपातूर मोजलं असतं तर पंच वस्तीतलं घ्यावं लागलं असतं. ज्याच्या दारात मोजनी संपती त्याच्या दारात बसायचं, पानी घ्यायचं, मग सह्या, अशी रीत हुती. माजा साखळीवाला म्हनला, सायेब, तितलं पानी चालंल का तुमाला? मी म्हनलं, चल माघारी. ह्यांच्या पडवीत येऊन जेवलो आन् लिवलं, वाट न्हाय म्हनून."

तात्यांचं हसू गेलं होतं.

"दाजी," ते हळूच म्हणाले, "ताईचं म्हायेर हाय हे."

"ठावं हाय."

"पुन्हा या दारात येता येनार न्हाय तुमाला. तिला बी."

"तिला इचारून आलोय," आबा म्हणाले. ते खोटं होतं, काकूंना त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. पण मी शेंगांच्या ढिगाशेजारी बसून जे ऐकलं होतं त्यावरून ते फारसं खोटं नव्हतं.

साहेब लिहू लागले. "प्रत्यक्ष पाहणी न करता नोंद केली, असं लिहितो. तेवढं पुरे. पाण्याचं वगैरे राहू द्या."

कायद्याच्या दृष्टीनं तेवढं खरोखरच पुरेसं होतं. पुढं त्याच एका ओळीवर आणि मुरमातल्या चाकोऱ्यांवर वाट उघडली, ऊस तुटून गेल्यावर दुधाचा टेम्पो थेट वस्तीत जायला लागला. पण अक्का बांध ओलांडून अलीकडं आल्या.

"पुरं न्हाय, सायेब. त्येबी लिवा."

"अहो ताई, त्याची कागदाला गरज नाही."

"आमाला हाय. वाट कशानं गेली ते लिवा."

साहेब अवघडले. आबांनी हात पुढं केला, वही आणि पेन मागून घेतलं, जवळच्या एका खुर्चीच्या हातावर वही टेकवली आणि वाकून, मोजणीदाराच्या सरळ अक्षरात, स्वतःच लिहिलं. अक्कांनी ती घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "पलीकडे पाणी घ्यावे लागेल म्हणून मी गेलो नाही." वाचून त्या थांबल्या.

"कुनाचं पानी?"

आबांनी वही परत घेतली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली.

"माज्या वडलांचं, दादांचं," अक्का म्हणाल्या. "मोजनीवालं सायेब येनार म्हनून त्यांनी बाजारातनं कोरा माठ आनला हुता. तुमाला बाटू नये म्हनून. घरातल्या कुनाला त्याला हात लावू दिला न्हाय. मी सात-आठ वरसांची. तुमी टेकाडावरनं माघारी फिरला ते दारातनं बघितलं आमी. तरी अंधार पडंपातूर दादा तितंच उभं हुतं."

बनाकडून वारा येत होता, वहीचं पान फडफडत होतं. आबांनी ते अंगठ्यानं दाबून धरलं. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी सायकलीकडं बघत राहिले.

"नाव सांगा त्यांचं," आबा म्हणाले.

अक्कांनी वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, लिहिणाऱ्याचा हात मागं पडू नये इतकं सावकाश. आबांनी लिहिलं आणि सही करायच्या आधी वही त्यांच्यापुढं धरली.

"बरोबर हाय का, बघा."

अक्कांनी अक्षरावर बोट ठेवून सबंध वाचलं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "करा आता सही."